लाइम आणि मास्ट पेशींचा विकार एकाच रुग्णात: सोलापुरात राहून उपचार कसे सांभाळावेत?

भुईकोट

नमस्कार. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात होता आणि सुटीच्या दिवशी जंगलवाटांवर भटकण्याची त्याला सवय होती. तेथे एका उन्हाळ्यात त्याच्या मांडीवर दिवसागणिक पसरत जाणारा लाल चट्टा उठला, ताप आला, आणि डॉक्टरांनी लाइमचे, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचे, निदान करून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले. चट्टा गेला, ताप गेला; पण थकवा, गुडघेदुखी आणि विचार करताना डोके जड होणे हे मागे राहिले. काही महिन्यांनी त्यात नवीच भर पडली. अचानक चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठते, पोटात कळ येऊन जुलाब होतात, छातीत धडधडते आणि तास-दोन तासांत सगळे ओसरते. तेथील ॲलर्जीतज्ज्ञांनी मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीची रसायने सोडणाऱ्या पेशी, अकारण उत्तेजित होत असल्याचा संशय व्यक्त केला, परंतु तपासण्या पूर्ण होण्याआधीच तो नोकरी सोडून जुळे सोलापुरातील घरी परतला.

येथे आल्यावर उन्हाळा लागला आणि झटके वाढले. गुडघा दुखतो म्हणून एका दवाखान्यात डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देण्यात आले, त्यानंतर थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब उतरला. तेव्हापासून घरातले सगळेच कोणत्याही औषधाला घाबरतात. एक डॉक्टर म्हणतात की प्रतिजैविके पुन्हा सुरू करू. दुसरे म्हणतात की लाइम भारतात नसतोच, हे सारे मनाचे आहे. या दोन्ही आजारांचा एकत्र अनुभव किंवा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माळरान

ताई, एक शंका आहे. आमच्या गोठ्यात जनावरांवर गोचिड्या कायम असतात आणि काढताना त्या आम्हालाही चावतात. मग आम्हालाही हा आजार होऊ शकतो का?

सूक्ष्मदर्शक

मी विकृतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे. मी रुग्णाला तपासलेले नाही, त्यामुळे येथे लिहितो ते निदान समजू नये.

माळरान यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण भुईकोट ताईंच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मताचे उत्तरही त्यातच आहे. लाइमचा जंतू, बोरेलिया, हा इक्झोडिस वंशाच्या गोचिडींमधून पसरतो, आणि त्या गोचिडींना दमट, पालापाचोळ्याचे जंगल लागते. सोलापूरच्या कोरड्या माळावर गुरांच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी प्रामुख्याने ऱ्हिपिसेफॅलस आणि हायलोमा वंशाच्या असतात. त्या लाइम पसरवत नाहीत. मात्र त्यांना निरुपद्रवी समजू नये. हायलोमामुळे क्रायमिन-काँगो ताप होऊ शकतो आणि महाराष्ट्रात गोचीडजन्य रिकेट्सियाचा तापही आढळतो. म्हणून गोचीड बोटांनी चिरडू नये, चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. भारतात लाइमच्या तुरळक नोंदी आहेत, पण सोलापुरात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या सांधेदुखीचे कारण म्हणून तो शेवटी आठवावा असाच आजार आहे.

ताईंच्या भावाची गोष्ट अगदी वेगळी आहे. पेनसिल्व्हेनिया हा अमेरिकेतील सर्वाधिक लाइम रुग्णांच्या राज्यांपैकी एक आहे, आणि पसरत जाणारा चट्टा हे इतके ठळक लक्षण आहे की अशा भागात त्यावरून रक्ततपासणीशिवायही निदान करतात. तेव्हा त्यांना लाइम झाला होता, हे मानण्यास मला अडचण वाटत नाही. आज जे होत आहे ते जिवंत जंतूंमुळे होत आहे का, हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि दोन्ही डॉक्टरांनी नेमका तोच टाळलेला दिसतो. लाइमचा योग्य उपचार झालेल्यांपैकी साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांत थकवा, अंगदुखी आणि विस्मरण सहा महिन्यांहून अधिक काळ रेंगाळते. त्याला उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह म्हणतात. तो खरा आहे, मनाचा खेळ नाही. परंतु त्यात जंतू शिल्लक असल्याचे सिद्ध झालेले नाही.

येथे पुन्हा लाइमची रक्ततपासणी करून घेण्याचा मोह होईल. एलायझा आणि त्यानंतर वेस्टर्न ब्लॉट अशी ही दोन पायऱ्यांची तपासणी जंतू मोजत नाही, शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. ती बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे टिकू शकतात. त्यामुळे अहवाल आज सकारात्मक आला तरी आजार चालू आहे असे ठरत नाही. आयजीएम, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला बनणाऱ्या प्रतिपिंडांचा, अहवाल तर पहिल्या महिन्यानंतर विचारातच घेऊ नये, कारण त्यात खोटे सकारात्मक निष्कर्ष फार येतात. गुडघा सुजून त्यात पाणी भरत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांत अडथळा आला असेल, तर मात्र नव्याने तपासणी हवीच. नुसते दुखणे आणि सुजणे यांत फरक आहे, तो संधिवाततज्ज्ञांकडून पाहून घ्यावा. त्याच भेटीत चिकुनगुनिया, ब्रुसेलोसिस, थायरॉइड आणि बी १२ यांचाही विचार व्हावा. आपल्या जिल्ह्यात रेंगाळणाऱ्या सांधेदुखीची ही कारणे लाइमपेक्षा कितीतरी अधिक आढळतात, आणि परदेशातून आणलेल्या निदानाच्या सावलीत ती राहून जातात.

नवी_उमेद

आदर राखून असहमती नोंदवतो. माझ्या चुलतभावाला परदेशात शिरेतून कित्येक महिने सेफ्ट्रिॲक्झोन हे प्रतिजैविक देण्यात आले आणि तो आज चालता-फिरता आहे. जंतू शरीरात लपून बसतात, कवच धारण करतात, असे अनेक रुग्णगटांत सांगितले जाते. डॉक्टर मंडळी आपल्या चौकटीबाहेर पाहत नाहीत आणि रुग्ण मात्र वर्षानुवर्षे भोगतात. शिवाय औषध सुरू केल्यावर त्रास वाढला तर ती जंतू मरत असल्याचीच खूण नाही का?

सूक्ष्मदर्शक

आपल्या चुलतभावाला बरे वाटले याचा आनंद आहे. परंतु या प्रश्नावर केवळ मते नाहीत, यादृच्छिक, म्हणजे रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गटांत वाटून केलेल्या, चाचण्या झालेल्या आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तीस दिवस शिरेतून सेफ्ट्रिॲक्झोन आणि पुढे साठ दिवस डॉक्सिसायक्लिन दिलेल्या रुग्णांत व नुसते औषधाभास (प्लासिबो) दिलेल्या रुग्णांत फरक आढळला नाही. २००३ च्या चाचणीत थकवा काहीसा कमी झाला, बौद्धिक तक्रारी कमी झाल्या नाहीत. २००८ च्या चाचणीत दहा आठवड्यांच्या उपचाराने सुरुवातीला दिसलेली बौद्धिक सुधारणा पुढे टिकली नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील २८० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही दीर्घ उपचाराचा अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे थकव्याबाबत एक दुबळा अनुकूल धागा आहे, तो मी लपवत नाही. पण त्याच्या बदल्यात शिरेतील नळीतून रक्तात जंतुसंसर्ग, पित्ताशयात खडे आणि क्लॉस्ट्रिडियम जंतूमुळे होणारा गंभीर अतिसार हे धोके आहेत, आणि त्यांत रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. प्रयोगशाळेत प्रतिकूल स्थितीत बोरेलिया आपले रूप बदलतो हे खरे आहे, मात्र त्यावरून रुग्णाच्या लक्षणांचा उलगडा होतो असे दिसलेले नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नाबाबत मला अधिक काळजी वाटते. जंतू मरताना येणारी प्रतिक्रिया, जारिश-हर्क्सहायमर, लाइमच्या ताज्या संसर्गात पहिल्या डोसानंतर साधारण चोवीस तासांच्या आत येते आणि शमते. आठवडेच्या आठवडे, प्रत्येक गोळीनंतर चेहरा लाल होणे, पित्त उठणे, रक्तदाब उतरणे हे त्या नावाखाली सोसणे मास्ट पेशींच्या रुग्णासाठी धोक्याचे आहे. ती त्या औषधाचीच प्रतिक्रिया असू शकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी औषधे आणि शिरेतून दिले जाणारे व्हँकोमायसिन ही मास्ट पेशींवरील एका ग्राहीमार्फत, नेहमीच्या ॲलर्जीचा मार्ग न घेता, त्या पेशींना थेट उत्तेजित करू शकतात. हे संशोधन २०१५ पासून उपलब्ध आहे. ‘त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडले’ हे सूत्र या रुग्णाच्या बाबतीत कृपया कोणी वापरू नये.

होटगीरोड

मला लाइम नाही, पण मास्ट पेशींचा त्रास आहे आणि त्याचे निदान पुण्यात झाले. त्यामुळे केवळ त्या बाजूबद्दल लिहिते.

भुईकोट ताई, सर्वांत आधी ट्रिप्टेजची, म्हणजे मास्ट पेशींतून रक्तात येणाऱ्या पदार्थाची, तपासणी व्हायला हवी, आणि ती योग्य वेळी व्हायला हवी. झटका आल्यावर शक्यतो दोन तासांत, फार तर चार तासांत रक्त घ्यावे लागते. पुन्हा सगळे शांत झाल्यावर, किमान चोवीस तासांनी, दुसरे रक्त द्यावे लागते. शांत अवस्थेतील आकडा गुणिले १.२ अधिक २, एवढी किंवा त्याहून जास्त वाढ झटक्यात दिसली तर मास्ट पेशी खरोखर उत्तेजित झाल्या असे मानतात. उदाहरणार्थ, एरवीचा आकडा ५ असेल तर झटक्यात तो ८ किंवा अधिक यायला हवा. पुष्कळ प्रयोगशाळांच्या अहवालात ११.४ पर्यंतचा आकडा सामान्य म्हणून छापलेला असतो, त्यामुळे ८ पाहून सगळे ठीक आहे असे सांगून घरी पाठवले जाते. दोन आकडे शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही. सोलापुरात नमुना घेऊन मोठ्या शहरात पाठवतात. तेव्हा आपल्या जवळच्या प्रयोगशाळेशी आधीच बोलून ठेवा, त्यांच्या नमुना घेण्याच्या वेळा विचारा आणि डॉक्टरांची चिठ्ठी तयार ठेवा, कारण झटका रात्री किंवा रविवारी आला तर धावपळीत ही गोष्ट राहून जाते. शांत अवस्थेतच आकडा २० च्या वर असेल तर मास्टोसायटोसिससाठी, म्हणजे मास्ट पेशी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या विकारासाठी, पुढील तपासण्या करतात. काही घराण्यांत ट्रिप्टेज जन्मतःच जास्त असते, तेही डॉक्टर लक्षात घेतात.

निदानाला तीन बाजू लागतात: एकाहून अधिक अवयवसंस्थांत वारंवार येणारे झटके, प्रयोगशाळेतील असा पुरावा, आणि मास्ट पेशींवरील औषधांनी पडणारा फरक. यांतली एकच बाजू धरून निदान केलेले रुग्ण आंतरजालावर पुष्कळ भेटतात. लाइममुळे मास्ट पेशींचा विकार होतो, असेही तेथे ठामपणे लिहिलेले दिसते.

उन्हाळ्याबद्दल लिहिते, कारण तो आपल्याकडचा खरा शत्रू आहे. पारा ४३-४४ वर गेला की माझ्यासाठी अन्नाच्या पथ्यापेक्षा उष्णतेचे पथ्य अधिक महत्त्वाचे ठरते. सकाळी अकराच्या आत बाहेरची कामे उरकते, कोमट पाण्यानेच अंघोळ करते, आणि दुपारी घरातील सर्वांत आतल्या खोलीत राहते. कूलरमधील गवताच्या जाळ्या हंगामाच्या सुरुवातीला बदलून घ्या, कारण जुन्या जाळीला बुरशी धरते आणि तिच्या वासाने माझा त्रास वाढतो. पाणी काही दिवसांआड येत असल्याने साठवणीच्या टाकीतले पाणीच कूलरमध्ये जाते. तेही वेळोवेळी बदलावे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाचा धूर आणि होम मैदानावरील गर्दी मी टाळते. घरच्यांना ते पटायला वेळ लागला, विशेषतः यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या दिवशी.

खाण्याबाबत मात्र मी फार कडक राहिले नाही. हिस्टामिन (मास्ट पेशीही सोडतात ते रसायन) कमी असलेल्या आहाराचा पुरावा मर्यादित आहे आणि अतिरेकी पथ्याने माणूस खंगतो. शिळे अन्न, फार आंबवलेले पीठ, मुरलेली लोणची यांनी मला त्रास होतो. ताजी ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, दुधी, पडवळ यांनी होत नाही. शेंगाचटणी मी खाते, पण ती शेंगदाण्याची ॲलर्जी नसल्याचे तपासल्यानंतरच. आपल्या भावाने दोन आठवडे लक्षणांची वही ठेवावी, तीत खाणे, तापमान, झोप, औषध आणि झटक्याची वेळ लिहावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आज भात बंद, उद्या दूध बंद, परवा नवी गोळी, असे केले की कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

भुईकोट

आपण सर्वांनी इतके तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. होटगीरोड ताई, आपल्या वहीच्या सूचनेवरून मी मागच्या काही झटक्यांचा ताळा मांडून पाहिला. दिवसाचे झटके उन्हाशी जुळतात, पण रात्री दीड-दोनच्या सुमाराचे झटके कशाशीच जुळत नाहीत. आईला आठवते त्याप्रमाणे त्या दिवशी संध्याकाळी मटण झालेले असते. परंतु जेवणानंतर चार-पाच तासांनी ॲलर्जी कशी येईल?

सूक्ष्मदर्शक

येऊ शकते, आणि आपल्या या निरीक्षणाने या चर्चेची दिशा बदलू शकेल. अमेरिकेतील काही गोचिडींच्या, मुख्यतः लोन स्टार गोचिडीच्या चाव्यानंतर शरीर अल्फा-गॅल नावाच्या शर्करेविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडे बनवते. ही शर्करा बकरा, मेंढी, गाय, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. कोंबडी आणि मासे यांत नसते. त्यामुळे मटण खाल्ल्यावर साधारण तीन ते सहा तासांनी पित्त उठणे, पोटात कळा, जुलाब, प्रसंगी रक्तदाब उतरणे असा झटका येतो. काहींना दुधाचा आणि जिलेटिनच्या कॅप्सूलचाही त्रास होतो. जंगलवाटांवर भटकणाऱ्या माणसाला वेगवेगळ्या जातींच्या गोचिडी चावलेल्या असू शकतात, तेव्हा लाइम आणि अल्फा-गॅल एकाच माणसात असणे अशक्य नाही. अल्फा-गॅल आयजीईची रक्ततपासणी करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत मटण पूर्ण बंद ठेवावे. ती सकारात्मक आली आणि मटण बंद केल्यावर रात्रीचे झटके थांबले, तर मास्ट पेशींच्या वेगळ्या विकाराचे निदान कदाचित लागणारही नाही. लाइम आणि मास्ट पेशी यांच्या संबंधाबाबत होटगीरोड ताईंनी उल्लेख केला आहे, त्यात एवढीच भर घालतो की बोरेलिया प्रयोगशाळेतील मास्ट पेशींना उत्तेजित करू शकतो असे दिसले आहे. माणसात एकामुळे दुसरा विकार होतो, हे सिद्ध झालेले नाही.

औषधी_पेठ

मी औषध दुकान चालवतो. दोन्ही आजारांची औषधे एकमेकांच्या वाटेत कशी येतात, याकडे क्वचितच कोणी लक्ष देते, म्हणून लिहितो. खालीलपैकी काहीही आपल्या मनाने सुरू अथवा बंद करू नये. ही यादी डॉक्टरांसमोर ठेवण्यासाठी आहे.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गटातील औषधांनी मास्ट पेशींच्या बऱ्याच रुग्णांना झटका येतो. आपल्या भावाला एकदा रक्तदाब उतरण्याइतकी प्रतिक्रिया आलेली असल्याने ती नोंद ठळक अक्षरांत लिहून पाकिटात ठेवावी आणि प्रत्येक दवाखान्यात इंजेक्शन घेण्यापूर्वी दाखवावी. पॅरासिटामॉल बहुतेकांना सोसते. कोडीन आणि मॉर्फिनबाबतही सावधगिरी हवी, आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते हे विसरू नये.

छातीत धडधडते म्हणून हृदयाचे ठोके मंदावणारे बीटा-ब्लॉकर, उदाहरणार्थ प्रोप्रॅनोलॉल, दिले जाण्याची शक्यता असते. ते चालू असताना गंभीर झटक्यात जीव वाचवण्यासाठी देतात त्या ॲड्रिनलिन इंजेक्शनचा परिणाम कमी पडू शकतो, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना मास्ट पेशींचा संशय आधी सांगावा. धडधड उभे राहण्याशी निगडित आहे का हे कळण्यासाठी, उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी मिनिटाला तीस ठोक्यांनी वाढते का आणि त्याच वेळी रक्तदाब टिकून राहतो का, हे मोजून त्यांना दाखवल्यास पुढचा निर्णय सोपा होतो.

अंगावर उठणाऱ्या पित्तासाठीच्या गोळ्यांमध्ये फेक्सोफेनाडिन संत्री, सफरचंद यांच्या रसाबरोबर घेतल्यास कमी शोषले जाते, तेव्हा ती पाण्याबरोबरच घ्यावी. फॅमोटिडीन हे पोटातील आम्ल कमी करणारे औषध मास्ट पेशींच्या उपचारात वापरतात. पण त्याच काळात सेफ्युरोक्झिम या प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या तर आम्ल कमी असल्याने त्या नीट शोषल्या जात नाहीत. डॉक्सिसायक्लिन पुन्हा घेण्याची वेळ आलीच, तर दूध, कॅल्शियम, लोह आणि अँटासिड यांच्यापासून दोन तासांचे अंतर ठेवावे, भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये. त्या काळात उन्हाने त्वचा भाजते, आणि सोलापुरात मार्च ते जून हा काळ डॉक्सिसायक्लिनसाठी नकोसाच. माँटेल्युकास्ट हे ॲलर्जीचे औषध दिल्यास झोप, स्वप्ने आणि मनःस्थिती यांकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला. मास्ट पेशींना शांत ठेवणाऱ्या किटोटिफेनच्या गोळ्या भारतात मिळतात. सुरुवातीला त्यांनी झोप येते, म्हणून डॉक्टर बहुधा रात्रीच्या डोसापासून सुरू करतात.

भुईकोट

आम्ही असे ठरवले आहे: मटण आजपासून बंद, अल्फा-गॅल आणि शांत अवस्थेतील ट्रिप्टेज याच आठवड्यात, संधिवाततज्ज्ञांची भेट त्यानंतर, आणि तोवर कोणतेही प्रतिजैविक नाही. एकच प्रश्न उरतो. डॉक्टरांनी जवळ ठेवण्यासाठी ॲड्रिनलिनच्या कुप्या लिहून दिल्या आहेत. या उन्हात त्या कुठे ठेवाव्यात, आणि वेळ आल्यास घरच्यांनी काय करावे?

औषधी_पेठ

कुपी प्रकाशापासून दूर, तिच्या मूळ खोक्यात, पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायची असते. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ती अजिबात ठेवू नका. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नका. बाहेर जाताना उष्णतारोधक पिशवीत ठेवावी, मात्र बर्फाचा खडा थेट काचेला लागू देऊ नये. द्राव गुलाबी किंवा तपकिरी दिसू लागला अथवा मुदत संपली तर नवी कुपी घ्यावी. सोबत एक मिलिलिटरची सिरिंज आणि सुई हवी. एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या कुपीतून प्रौढांना साधारण ०.३ ते ०.५ मिलिलिटर औषध मांडीच्या बाहेरील बाजूस, मध्यभागी, स्नायूत देतात; आपल्या भावासाठी नेमके किती, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि घरातील दोघांनी तरी त्यांच्यासमोर सिरिंज भरण्याचा सराव करा. नुसते पित्त उठले तर याची गरज नसते. श्वास लागणे, घसा आवळणे, चक्कर येऊन कोसळणे किंवा पित्ताबरोबर वारंवार उलट्या होणे, यांपैकी काही दिसले की विलंब न करता द्यावे. आधी ॲव्हिल हे ॲलर्जीचे औषध देऊन पाहू, असे करू नये. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर टेकून बसवावे, पण एकदम उभे करू नये. १०८ ला फोन करावा आणि बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे, कारण काही तासांनी झटका पुन्हा येऊ शकतो. पाच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरा डोस लागू शकतो, म्हणून कुप्या नेहमी दोन ठेवा. रुग्णालयात पोहोचल्यावर तेथील डॉक्टरांना ट्रिप्टेजसाठी रक्त घ्यायची आठवण करून द्या. त्या तपासणीची डॉक्टरांची चिठ्ठी कुप्यांच्या खोक्यातच ठेवलेली बरी.